पातळ चकतीचा हिशेब

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये रेड हूक ही जुनी गोदीवस्ती आहे. तिथे कोलंबिया स्ट्रीटवर १९२२ पासून डेफॉन्टेज हे सँडविचचं दुकान चालू आहे. १८८० ते १९२४ या काळात सुमारे चाळीस लाख इटालियन अमेरिकेत आले. त्यातले बहुतेक दक्षिणेकडचे, सणावारापुरतं मांस खाणारे. अमेरिकेत मजुरीच्या पैशांत मांस परवडू लागलं, आणि हॅम, सलामी, प्रोव्होलोन चीज भरलेला लांब पाव ही त्या नव्या सुबत्तेची खूण झाली. डेफॉन्टेजचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे जहाजांवरचा माल उतरवणारा गोदी कामगार. त्याला एका हातात धरता येईल आणि संध्याकाळपर्यंत पोटाला आधार देईल असं जेवण हवं होतं, तेही खिशाला झेपेल अशा दरात. अशा दुकानांची स्वस्ताई हलक्या मालातून येते, असा समज आहे. माझ्या मते ती काउंटरमागच्या कसबातून येते.

हे कसब पाहायचं तर स्लाइसरवर उभ्या असलेल्या कामगाराकडे पाहावं. रॉटरडॅमचा खाटीक विल्हेल्म फान बर्केल यानं १८९८ मध्ये हे यंत्र बनवलं: फिरतं गोल पातं आणि मांस पात्याकडे नेणारी सरकती गाडी. कामगाराचा एक हात गाडी पुढेमागे ढकलतो. दुसरा हात सुटणारी चकती हवेतच झेलतो आणि चुणी घालून कागदावर सोडतो. चकती किती जाड हे एका खुंटीवर ठरतं, पण खुंटी कुठे ठेवायची हे मांस पाहून ठरवावं लागतं. सलामी जवळजवळ पारदर्शक चालते. हॅम तितकं पातळ कापलं तर फाटतं. चुणीदार चकत्यांमध्ये हवा राहते, चरबी जिभेवर लगेच विरघळते, आणि शंभर-सव्वाशे ग्रॅम मांसाचा भरगच्च ढीग दिसतो. हेच शंभर ग्रॅम जाड तुकड्यात दिली तर चावताना दमछाक होईल आणि मन भरणार नाही. कमी मांसात तृप्ती देण्याची ही विद्या आहे, आणि तिच्यात फसवणूक नाही. वजन गिऱ्हाइकासमोर काट्यावर होतं.

दुसरी विद्या कढईतली. डेफॉन्टेजच्या फळ्यावर बटाटा-अंड्याचं सँडविच आहे, तळलेल्या वांग्याचे काप आहेत. शुक्रवारी मांस वर्ज्य करणाऱ्या कॅथलिक घरांतून हे पदार्थ आले. बटाटे तेलात मऊ होईपर्यंत परतायचे, वरून फेटलेली अंडी ओतायची आणि गरम असतानाच पावात भरायची. हे मला या सगळ्या खाद्यपरंपरेतलं सर्वात शहाणं सँडविच वाटतं. आजही मांसाचे भाव चढले की दुकान सावरायला तेच पदार्थ कामी येतात.

यावर आक्षेप असा की हेच काम साखळी दुकानं आणखी स्वस्तात करतात. सबवे ही सर्वात मोठी साखळी १९६५ मध्ये कनेक्टिकटमध्ये निघाली, आणि तिचा एक संस्थापक फ्रेड डेलुका इटालियन-अमेरिकन घरातलाच. कारखान्यात आधीच कापलेलं मांस आणायचं आणि कुशल कामगाराची गरजच संपवायची, हे तिचं गणित होतं. पण २०२३ मध्ये याच कंपनीनं अमेरिकेतल्या आपल्या सुमारे वीस हजार दुकानांत स्लाइसर बसवले. त्यासाठी आठ कोटी डॉलरहून अधिक खर्च केला. ताज्या कापाची किंमत प्रतिस्पर्ध्यानंच मान्य केल्यावर वेगळा पुरावा कशाला हवा? दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक ठरवलं. ते खोडून काढता येत नाही. सलामी रोज खाऊ नये. मात्र रोजच्यासाठी त्याच फळ्यावर अंडं आणि वांगं आहे.

खरी काळजी आणखी वेगळी आहे. स्लाइसरवरचं काम शिकवायला माणूस मिळणं कठीण झालं आहे. अठरा वर्षांखालच्याला हे यंत्र चालवायचीच काय, पुसायचीही अमेरिकेच्या कायद्यात मनाई आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे दुकानदाराची मुलं ज्या वयात गल्ल्याशी रुळतात, त्या वयात या यंत्राजवळ जाऊ शकत नाहीत. पुढे ती दुसरे रस्ते धरतात. त्यातच गिऱ्हाईक पांगलं. १९५६ मध्ये न्यू जर्सीतल्या नूअर्कहून कंटेनर वाहतूक सुरू झाली, आणि पुढच्या काळात न्यूयॉर्क बंदराचा बहुतेक माल न्यू जर्सीकडे वळला. रेड हूकचे गोदी कामगार गेले. डेफॉन्टेज नव्या गिऱ्हाइकांवर टिकलं. सगळ्यांना ते जमत नाही. मॅनहॅटनच्या लिटल इटलीतलं अलेव्हा डेअरी हे १८९२ चं चीजचं दुकान २०२३ मध्ये थकलेल्या भाड्यापायी तिथून उठलं. मालाचे भाव वाढले तर सँडविचवर पाऊण-एक डॉलर चढवता येतो. भाडं एकदम वाढलं की तेवढ्यानं भागत नाही, आणि जास्त चढवलं तर मजूर गिऱ्हाईक तुटतं.

भाड्याला आवर हवा म्हटलं की घरमालकानं बाजारभाव का सोडावा, असं विचारलं जातं. न्यूयॉर्कमध्ये १९४५ ते १९६३ या काळात दुकानांच्या भाड्यावर कायद्याचं नियंत्रण होतं, तेव्हा शहर काही बुडालं नाही. १९८० च्या दशकापासून नगर परिषदेत वारंवार मांडलं गेलेलं विधेयक तर त्याहून सौम्य आहे. भाडेकरूला दहा वर्षांसाठी करार वाढवून मिळावा आणि भाड्यावर एकमत झालं नाही तर लवाद नेमावा, एवढंच ते मागतं. ते अजून मंजूर झालेलं नाही.