फुलांचें चित्र पाहावें कसें?

भिंतीवर टांगलेलें फुलांचें चित्र पाहून आपल्यापैकीं बहुतेकांच्या तोंडून जो पहिला उद्गार निघतो तो "काय हुबेहूब आहे!" हा होय. पाकळी न् पाकळी मोजतां यावी, पानावरचें दंव बोटानें टिपून घ्यावेंसें वाटावें, म्हणजे चित्र उत्तम, असा आपला समज असतो. या मापानें मोजूं गेल्यास दृक्प्रत्ययवादी, म्हणजे ज्यांस इम्प्रेशनिस्ट म्हणतात त्या चित्रकारांचें काम आपणांस अर्धवट सोडलेलेंच वाटेल. जवळून पाहतां तेथें केवळ रंगाचे फटकारे दिसतात. मग अशा चित्राची थोरवी कशांत आहे, हें विद्यार्थिमित्रांस समजावून द्यावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

या पंथाचें नांव थट्टेंतून जन्मास आलें. १८७४ सालीं पॅरिस येथें कांहीं चित्रकारांनीं आपलें स्वतंत्र प्रदर्शन भरविलें. त्यांत क्लोद मोने याचें बंदरांतील सूर्योदयाचें एक चित्र होतें व त्याच्या नांवांत 'इम्प्रेशन' हा शब्द होता. एका टीकाकारानें तो शब्द उपहासानें साऱ्या मंडळीस लावला, आणि तोच पुढें त्यांचें भूषण झाला. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, डोळ्यास प्रथम भेटतो तो वस्तूवरून परतलेला प्रकाश, आणि तो क्षणोक्षणीं पालटतो. सकाळीं पांढरें दिसणारें फूल दिवेलागणीस निळसर दिसतें. म्हणून फुलाविषयीं आपणांस जें ठाऊक आहे तें बाजूस ठेवून, त्या घटकेस डोळ्यांनीं जें अनुभविलें तेंच चित्रकारानें रंगवावें.

येथें परळच्या वाचकांस जवळची वाटेल अशी एक गोष्ट सांगतों. या चित्रकारांस उपयोगी पडलेल्या रंगशास्त्राचा एक महत्त्वाचा उगम गिरणीच्या रंगखात्यासारख्याच ठिकाणीं झाला. शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून पॅरिसच्या गोबलँ या विणकामाच्या कारखान्यांत रंगाईचा प्रमुख होता. तेथील काळा रंग निस्तेज दिसतो, अशी तक्रार होती. त्यानें तपासलें तों रंगांत खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळें काळा फिका भासत होता. एक रंग आपल्या शेजाऱ्याचें रूप पालटवितो, हा सिद्धांत त्यानें १८३९ सालीं ग्रंथरूपानें मांडला. लालाशेजारीं हिरवा किंवा पिवळ्याशेजारीं जांभळा ठेविला कीं दोन्ही रंग उजळतात. ज्या गिरणगांवांत एके काळीं हजारों मागांचा खडखडाट चाले, तेथील विणकऱ्याच्या नातवास हें तत्त्व परकें वाटूं नये.

आतां एक चित्र पाहूं. एदुआर माने हा चित्रकार वरील मंडळीच्या प्रदर्शनांत कधींच सामील झाला नाहीं. तथापि तो त्यांचा वडीलधारा स्नेही होता. अखेरच्या आजारांत त्यास फार वेळ उभें राहवेना व मोठीं चित्रें झेपेनात. भेटीस येणारे स्नेही फुलें आणीत. तीं कांचेच्या फुलदाणींत ठेवून तो लहान लहान चित्रें काढी. १८८२ च्या सुमाराचें त्यांतील एक चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयांत आहे; त्याची उंची अवघी ५६ सेंटिमीटर. त्यांत कार्नेशनचीं फुलें आहेत आणि आपल्या मोरवेलीच्या गोतांतील जांभळीं फुलें आहेत. जवळ गेल्यास पाण्यांतील देंठ म्हणजे कांहीं हिरवट रेघा. चार पावलें मागें सरल्यावर मात्र कांच चमकूं लागते व पाणी पाण्यासारखें दिसतें. चित्रकारानें अर्धें काम आपल्या डोळ्यांवर सोंपविलें आहे! ३० एप्रिल १८८३ रोजीं तो वारला. फुलें दोन दिवसांचीं, काढणाराही थोड्याच दिवसांचा. तरी त्या चित्रांत विलापाचा एकही फटकारा नाहीं.

हें सारें दूरदेशींचें, आपणांस त्याचें काय, असें कोणी म्हणेल. त्यास आपल्याच मुंबईचे कृष्णाजी हौलाजी आरा हें उत्तर आहे. १९१४ सालीं हैदराबादेजवळील बोलारम येथें जन्मलेले आरा लहानपणींच मुंबईस आले. घरकाम करावें, मोटारी धुवाव्या आणि उरल्या वेळांत रंगवावें, असा त्यांचा क्रम होता. मिठाच्या सत्याग्रहांत त्यांनीं तुरुंगवासही भोगिला. टीकाकार रुडॉल्फ फॉन लायडन आणि १९३८ सालीं ऑस्ट्रियांतून मुंबईस आलेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर यांनीं त्यांचे गुण ओळखले. १९४२ सालीं त्यांचें पहिलें स्वतंत्र प्रदर्शन भरलें व १९४७ सालीं ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूपचे एक संस्थापक झाले. १९८५ सालीं त्यांचें निधन झालें. त्यांस काटेकोर अर्थानें दृक्प्रत्ययवादी म्हणतां येणार नाहीं. परंतु त्यांच्या फुलांच्या चित्रांतही रेखीवपणापेक्षां रंगाचा जोम मोठा आहे. जलरंगही ते तैलरंगासारखे दाट लावीत. मोटारी धुणाऱ्या हातांस फुलदाणी परकी राहिली नाहीं, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

शेवटीं एक सोपा अभ्यास सुचवितों. दादरच्या फुलबाजारांतून झेंडूचीं चार फुलें आणावीं व पितळेच्या तांब्यांत घालून खिडकींत ठेवावीं. मग नीट पाहावें: सांवली खरोखर काळी आहे काय? तांब्याच्या पोटावर फुलांचा केशरी रंग कोठें उतरला आहे? तेंच दुपारीं आणि पुन्हां सायंकाळीं पाहावें. तीन वेळां तीन निरनिराळीं चित्रें दिसतील. खोली दहा फुटांची असो वा महालाची, खिडकींतून येणारा प्रकाश भाडें मागत नाहीं. ज्यास एवढें पाहतां आलें, त्याच्या तोंडून पुढच्या खेपेस "हुबेहूब!" निघण्यापूर्वीं तो क्षणभर थांबेल, आणि त्या थांबण्यांतच रसग्रहणाचा आरंभ आहे.