घाटातल्या रॅलीसाठी बिनतारी संच

रत्नागिरीच्या ज्या हौशी मोटारचालकांना रॅलीचा छंद जडला आहे, त्यांनी बिनतारी संच घेताना वॉटच्या आकड्याआधी आपल्या भूमीकडे पाहावे, असा माझा आग्रह आहे. कारण 400 मेगाहर्ट्‌झवरील लहरी बहुतांशी सरळ रेषेतच जात असल्यामुळे जांभ्याच्या मोकळ्या सड्यावर जो संच दूरवर स्वच्छ ऐकू येतो, तोच आंबा घाटात डोंगर आड येताच मुका होतो. तेथे उंचावर एक साथीदार बसवून निरोप पुढे पोचविण्याची तजवीज करणे, हा महागड्या संचाहून खात्रीचा उपाय होय.

सरकारने 2018 साली 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्‌झ हा पट्टा अल्पशक्तीच्या संचांसाठी परवानामुक्त केला असून लहान संघास तो बहुधा पुरतो. मात्र संचाच्या सरकारी मान्यतेचा दस्तऐवज विक्रेत्याकडून जरूर मागून घ्यावा, आणि वाटेल त्या कंप्रतेवर लागणारे पाच वॉटचे स्वस्त संच विनापरवाना वापरू नयेत.

पैसा सढळ हाताने खर्चावा तो हेल्मेटमधल्या मायक्रोफोनवर. इंजिनाची घरघर गाळून ओठांजवळचा शब्द तेवढाच उचलणारा मायक्रोफोन नसेल, तर उत्तमातला उत्तम संचही केवळ गोंगाटच पाठवील. बोलण्याचे बटण स्टिअरिंगवर, अंगठ्याच्या टप्प्यात असावे. चालक आणि सहचालक यांच्या आपसांतील संभाषणासाठी तारेचा इंटरकॉमच घ्यावा. त्याला ना डोंगर आडवा येतो, ना परवाना लागतो.

आपल्या खाऱ्या, दमट हवेत अँटेनाच्या पितळी जोडावर हिरवा गंज लवकर चढतो, म्हणून प्रत्येक फेरीनंतर तो कोरड्या फडक्याने पुसावा.