पायपेटी, ऑर्गन आणि पाटीवरचं नाव

दिवाळी सरली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस लागतात. आंबागडच्या किल्ल्यापासून तुमसर-मोहाडीपर्यंत गावोगावी दंडार, खडी गंमत आणि पहाटेपर्यंत रंगणारी नाटकं. तबल्याशेजारी पायांनी भाता मारायचं जुनं वाद्य दिसलं की कुणी त्याला पायपेटी म्हणतं, कुणी ऑर्गन. वाद वाढला की पाटीवरचं नाव वाचून निकाल लावतात आणि तो बऱ्याचदा चुकतो.

ऑर्गन म्हणजे मोठी पायपेटी, हा सगळ्यांत पक्का बसलेला गैरसमज. आकाराचा इथे संबंधच नाही, प्रश्न वाऱ्याच्या दिशेचा आहे. अलेक्झांद्र दबँ याने १८४२ साली पॅरिसमध्ये ज्याचं पेटंट घेतलं, त्या हार्मोनियममध्ये, म्हणजेच पायपेटीत, भाता हवा दाबतो आणि ती रीडमधून बाहेर पडते. आपली हातपेटी त्याच वंशातली. अमेरिकन ऑर्गनचा भाता उलटा चालतो. तो आतली हवा उपसतो, मग बाहेरची हवा रीडमधून आत ओढली जाते. त्याच्या रीडची पितळी जीभ किंचित वाकवलेली असते, म्हणून आवाज गोल आणि मऊ. संगीत नाटकवाल्यांना ऑर्गन मानवला तो याच गोलाईमुळे, असं मला वाटतं.

फरक ओळखायला पेटी उघडायचीही गरज नाही. परदेशी बनावटीच्या पाच सप्तकी वाद्याची सगळ्यांत डावीकडची पट्टी पाहा. हार्मोनियम बहुधा पांढरी एकपासून सुरू होतो, अमेरिकन ऑर्गन पांढरी चारपासून. पट्ट्या दोन्हींत ६१च. गुडघ्याने बाजूला रेटायच्या लाकडी दांड्या असतील तर ऑर्गनचीच शक्यता जास्त. मागची फळी काढलीच, तर ऑर्गनची रीड खाचेत सरकवलेली दिसते, आकड्याने ओढली की बाहेर येते. फ्रेंच हार्मोनियमची रीड स्क्रूने आवळलेली असते.

आता पाटी. ती पुष्कळदा विकणाऱ्या दुकानाची असते, बनवणाऱ्याची नव्हे. आत ‘जुबिलाते’चे जर्मन किंवा ‘कास्रिएल’चे पॅरिसचे रीड निघाले म्हणून पेटीही परदेशी ठरत नाही, कारण हे रीड मागवून आपल्याकडचे कारागीर पेट्या बांधत. पेटंटची तारीख कोरलेली असली तरी ते बनावटीचं साल नव्हे. वाद्य त्याआधीचं नाही, एवढंच त्यावरून कळतं. एस्टी कंपनीचा (आपली लाल एसटी नव्हे, अमेरिकेतल्या व्हरमाँटची) ऑर्गन असेल, तर अनुक्रमांकावरून साल बरंच जवळ काढता येतं.

समोर ओढायच्या जेवढ्या खुंट्या (स्टॉप) तेवढे रीडचे संच, हा हिशेबही खोटा. एकाच संचाच्या खर्ज आणि तार भागांना दोन वेगळ्या खुंट्या देत. काही खुंट्या त्याच संचाची झडप अर्धीच उघडून आवाज हळू करतात. काही तर निव्वळ शोभेच्या. जास्त खुंट्यांचं वाद्य गिऱ्हाइकाला भारी वाटे. ‘व्हॉक्स ह्युमाना’ची खुंटी ओढली की नवा संच सुरू होत नाही, आतली पुठ्ठ्याची किंवा लाकडाची पंखी फिरून सूर थरथरतो. म्हणून खुंट्या मोजू नका, रीडच्या ओळी मोजा.

घडीची पेटी नाटक मंडळ्यांच्या बैलगाडीसाठी निघाली, असंही सांगतात. मुळात शिकागोच्या बिलहॉर्नसारख्या कंपन्या असे घडीचे ऑर्गन फिरत्या धर्मप्रचारकांसाठी बनवत. पायट्यांवर ‘माऊस प्रूफ’ अशी अक्षरं दिसली तर तो सुरांचा प्रकार समजू नका. उंदीर आत शिरू नये म्हणून केलेली ती बंदिस्ती आहे, कारण भात्याचं कापड कुरतडलं की वाद्य संपलंच.

‘मूळ सूर आहेत’ असं विकणारा म्हणाला, तर एक रीड उजेडात धरा. जिभेच्या टोकाशी घासल्याच्या खुणा असतील तर सूर चढवलेला आहे, मुळाशी असतील तर उतरवलेला. शंभर वर्षांच्या वाद्यात अशा खुणा सापडणारच. त्या दोन्हीकडे खोल गेल्या असतील, तर मात्र किंमत ठरवताना नवे रीड बसवायचा खर्च धरा.