अपघात दिसला तर मोबाईल कशासाठी वापराल? मदत करणाऱ्याचे हक्क जाणून घ्या

रस्त्यावर अपघात होतो, गर्दी जमते आणि गर्दीतले कितीतरी हात मोबाईल धरून वर गेलेले दिसतात. आपणही कधी अशा गर्दीत उभे राहिला असाल. फेब्रुवारी २०१७ मध्ये कर्नाटकातील कोप्पळ शहरात बसच्या धडकेने एक सायकलस्वार तरुण रस्त्यात पडला. रक्त वाहत होते, तो मदत मागत होता आणि भोवतीचे लोक फोटो, व्हिडिओ काढत होते. त्याला रुग्णालयात न्यायला उशीर झाला. तो वाचला नाही.

अशा लोकांना निर्दय म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण अनेकांच्या मनात भीतीही असते. हात लावला तर पोलीस आपल्यालाच धरतील, बिल आपल्याच गळ्यात पडेल, कोर्टात खेटे घालावे लागतील. रोजंदारीवर जाणाऱ्याला एक खाडाही परवडत नाही. परराज्यात कामाला गेलेल्याला तर पोलिसांशी बोलायचे कोणत्या भाषेत, इथूनच अडचण. ही भीती एकेकाळी खरी होती. मात्र मदत करणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांवर सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजीच शिक्कामोर्तब केले होते, म्हणजे कोप्पळच्या घटनेच्या जवळपास वर्षभर आधी.

कायदा आपल्याला काय देतो?

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. आपण चांगल्या हेतूने, कोणत्याही मोबदल्याची अपेक्षा न ठेवता जखमीला मदत केली आणि ती करताना काही चूक होऊन त्याची दुखापत वाढली किंवा तो दगावला, तरी आपल्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. नाव, पत्ता सांगण्याची सक्ती पोलीस किंवा रुग्णालय करू शकत नाही. साक्ष द्यायची की नाही, हेही आपण ठरवायचे. द्यायची ठरवली, तर जबाब आपल्या सोयीच्या वेळी आणि सोयीच्या ठिकाणी घेतला जातो. हे हक्क रुग्णालयाच्या प्रवेशद्वाराजवळ स्थानिक भाषेतही लावलेले असले पाहिजेत. कायद्याच्या कागदांत अशा व्यक्तीला ‘गुड समॅरिटन’ म्हटले आहे. शब्द आपल्या तोंडात बसणारा नाही, पण फलकावर तोच दिसेल, म्हणून ओळखीचा असू द्या.

बिलाची काळजीही आता करू नका. मे २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमींसाठी रोकडरहित उपचार योजना लागू आहे. अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, जास्तीत जास्त दीड लाख रुपयांचे उपचार नियुक्त रुग्णालयात होतात. जवळचे रुग्णालय योजनेत नसले, तरी प्रकृती स्थिर करण्यापुरते उपचार तिथे मिळतात.

मग व्हिडिओ काढूच नये का?

नुसते चित्रीकरण केले म्हणून मोटार वाहन कायद्यात शिक्षा नाही. प्रश्न माणुसकीचा आहे. फाटलेल्या कपड्यांत, शुद्ध हरपलेल्या अवस्थेत पडलेली व्यक्ती आपल्याला ‘नको’ म्हणू शकत नाही. तिच्या आईला ही बातमी व्हॉट्सॲपवर आलेल्या व्हिडिओतून कळावी, असे आपल्याला वाटेल का? शिवाय दहा जण चित्रीकरण करत असले की प्रत्येकाला वाटते, रुग्णवाहिका कुणीतरी बोलावली असेलच. बऱ्याचदा ती कुणीच बोलावलेली नसते.

म्हणून आधी ११२ लावा. १०८ ची सेवा असलेल्या राज्यांत तो क्रमांकही चालेल, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. जागा नीट सांगा: किलोमीटरचा दगड, पेट्रोल पंप, पूल, जे दिसेल ते. गर्दीतल्या एकाला बोट दाखवून सांगा, “दादा, तुम्ही मागची वाहने थांबवा.” सगळ्यांना मिळून ओरडून सांगितलेले कुणीच ऐकत नाही. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. पाणी पाजू नका. आग किंवा वाहनांचा धोका नसेल तर जखमीला ओढू नका, मानेला हिसका बसू देऊ नका.

एक फोटो मात्र जरूर काढा: धडक देऊन पळणाऱ्या गाडीच्या क्रमांकाचा. तो पोलिसांना द्या, ग्रुपवर टाकू नका.

बक्षीस कोणाला मिळते?

गंभीर जखमीला अपघातानंतरच्या पहिल्या तासात, ज्याला ‘गोल्डन अवर’ म्हणतात, रुग्णालयात पोहोचवून त्याचा जीव वाचवण्यास मदत करणाऱ्याला केंद्र सरकारच्या ‘राह-वीर’ योजनेत २५,००० रुपये आणि प्रशस्तिपत्र मिळते. २०२१ मध्ये ही रक्कम ५,००० रुपये होती. यासाठी वेगळी धावपळ नाही. डॉक्टरांकडून खात्री करून पोलीस आपल्याला पोचपावती देतात, प्रस्ताव जिल्हास्तरीय समितीकडे जातो आणि रक्कम बँक खात्यात जमा होते. बक्षीस हवे असेल तर नाव, पत्ता द्यावा लागेल, हे उघडच आहे. नको असेल तर जखमीला सोपवून आपण निघू शकता.

धडक देणारी गाडी सापडलीच नाही, तर जखमीच्या घरच्यांना एवढे जरूर सांगा: १ एप्रिल २०२२ पासूनच्या अशा अपघातांत मृत्यू झाल्यास २ लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास ५०,००० रुपये भरपाई मिळते. अपघात जिथे झाला, तिथल्या प्रांत किंवा तहसील कार्यालयात त्यासाठी अर्ज करायचा असतो.