रोहू तळ्यात आपोआप होत नाही

कळंबच्या नाहीतर परंड्याच्या बाजारात मासळीच्या पाटीपुढे थांबलात, तर तुमच्या ध्यानात येईल. मोठे कटला-रोहू मोजकेच असतात, खाली ढीग असतो वीतभर चिलापीचा. असं का, याचं उत्तर धरणात आहे.

कटला, रोहू, मृगळ हे मूळचे उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांचे मासे. पावसाळ्यात पूर आला की वाहत्या पाण्यात मादी लाखांनी अंडी घालते. आपल्या तेरणा, मांजरा, सीना-कोळेगावच्या साठलेल्या पाण्यात ती अंड्यांनी भरते, पण सहसा घालत नाही. पूर्वी बंगालच्या नद्यांतून गोळा केलेल्या बीजावर भिस्त असे. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूजवळच्या ग्रंथीचा अर्क टोचून पैदास करून दाखवली, तेव्हा कुठे बीजकेंद्रांचा मार्ग खुला झाला.

चिलापीचं सगळं उलटं. १९५२ साली भारतात आणलेला हा आफ्रिकेचा पाहुणा साठलेल्या पाण्यातच वाढतो, काही महिन्यांत वयात येतो. मादी पिल्लं तोंडात धरून सांभाळते. त्याचं बीज कुणी सोडावं लागत नाही!

म्हणजे रोहूपुरतं बोलायचं तर धरणात जेवढं सोडाल आणि वाढू द्याल, तेवढंच. समुद्रासारखी पावसाळी बंदी घालून इथं भागत नाही. सोडायची ती तीन-चार इंची बोटुकली. स्वस्त पडतं म्हणून जिरे सोडले तर ते मरळीच्या पोटात जातात. आणि जाळ्याचा आस, म्हणजे भोक, मोठा हवा. बारीक आसात पावशेराचा रोहू सापडतो. तोच वर्षभर राहिला तर किलोच्या घरात जातो.

हे भोई बांधवांना कळत नाही असं नाही. पण आपण थांबावं आणि रात्री दुसऱ्यानं जाळं टाकावं, मग थांबायचं कशाला? ठेक्याचं शेवटचं वर्ष असलं की तर विचारूच नका. शिवाय दुष्काळ. २०१६ मध्ये मांजरा कोरडं पडलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा साली लहान-मोठा सगळाच मासा काढावा लागतो, त्यात गैर काही नाही.

तुम्ही एखाद्या मच्छीमार संस्थेचे सभासद असाल, तर बैठकीत दोन गोष्टी ठरावात लिहून घ्या: जाळ्याचा आस किती, आणि पाणी कुठल्या खुणेखाली गेलं की तो नियम उठवायचा. बीज आलं की पिशवी फोडण्याआधी बोटुकली पट्टीला लावून बघा.