रात्रीचा मोटारप्रवास व झोंपेची बाकी

आपल्या सभासदांपैकीं पुष्कळांच्या दारीं आतां स्वतःचा टेंपो किंवा पिकअप उभा असतो. माल स्वतः बाजारपेठेस नेल्यानें भाडें वांचतें, ही गोष्ट खरी. परंतु जो गृहस्थ पहांटे पांचास उठून दिवसभर तोडणी व भरणी करवितो, तोच रात्रीं स्टिअरिंगवर बसतो, तेव्हां वांचलेल्या भाड्याहून फार मोठी जोखीम तो पत्करीत असतो. म्हणून ह्या विषयाचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

दोन वर्षांपूर्वीं आम्ही पुतण्यासह टोमॅटोची गाडी घेऊन माळशेज घाटानें वाशीच्या बाजारास निघालों होतों. घाटांतील वळणांनीं मुलगा सावध राहिला. पुढें सरळ रस्ता लागला, तीन वाजण्याचा सुमार झाला, आणि गाडी हळूहळू उजवीकडे सरकूं लागली. आम्हीही शेजारीं पेंगतच होतों, हें कबूल केलें पाहिजे. समोरून येणाऱ्या ट्रकानें हॉर्न वाजविला, तेव्हां कोठें गाडी आवरली. "काका, मी जागाच होतो," असें तो म्हणाला. परंतु मागचीं दोन गांवें केव्हां गेलीं, हें त्यास सांगतां येईना.

ह्याचें कारण असें आहे. मनुष्य जागा असतो तितका वेळ मेंदूंत अ‍ॅडिनोसीन नांवाचें द्रव्य सांचत जातें व झोंपेची ओढ वाढत जाते. त्याचा निचरा झोंपेंतच होतो. शिवाय शरीराचें स्वतःचें एक घड्याळ असतें. त्याप्रमाणें रात्रीं दोन ते सहा आणि दुपारीं दोन ते चार ह्या वेळांत सावधपणा ओसरतो. दोन्ही कारणें एकत्र आलीं म्हणजे कांहीं सेकंदांची डुलकी लागते. कधीं कधीं डोळे उघडे असतांही लागते, आणि ती लागल्याचें ज्याचें त्यासही कळत नाहीं. ताशीं ६० किलोमीटर वेगाची गाडी ४ सेकंदांत सुमारें ६६ मीटर जाते. गुंठ्याची बाजू ३३ फूट धरिली, तर साडेसहा गुंठे ओळीनें मांडावे तितकें हें अंतर होतें. आणि तेवढें अंतर गाडी चालकावांचून जाते!

प्रयोगांत असेंही आढळलें आहे कीं, सतरा ते एकोणीस तास जागलेल्या मनुष्याची सावधगिरी रक्तांत ०.०५ टक्के मद्य असलेल्या मनुष्याइतकी खालावते. आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे पहांटे पांचास उठलेला माळकरी गृहस्थही मध्यरात्रीं मद्यप्यासारखाच गाडी हांकीत असतो.

तोंडावर पाणी मारणें, तंबाखूचा बार भरणें, खिडकी उघडणें, मोठ्यानें गाणीं लावणें, ह्या उपायांचा गुण फार थोडा वेळ टिकतो. चहा-कॉफीचा गुण अधिक आहे, पण तो येण्यास सुमारें अर्धा तास लागतो, आणि त्यानें सांचलेलें द्रव्य कमी होत नाहीं. त्याचें काम तेवढें कांहीं वेळ अडतें. आमची सारी नोकरी महसूल खात्यांत गेली. तेथें तहकुबी निराळी आणि माफी निराळी. चहा तहकुबी देतो. माफी देणारें कोणी नाहीं. झोंपेची बाकी झोंपूनच फेडावी लागते.

तरी वाचकांनीं पुढील गोष्टी ध्यानांत धराव्या. गाडी नेणाऱ्यानें त्या दिवशीं भरणीचें काम दुसऱ्याकडे सोंपवून दुपारीं निदान दीड तास झोंपावें. निघतांना जेवण हलकें असावें. सर्दीवरील कित्येक गोळ्यांनीं गुंगी येते, म्हणून औषध घेतलें असल्यास डॉक्टरांस विचारल्यावांचून निघूं नये. सोबत्यानें जागें राहावें व बोलत राहावें. दोघांस गाडी येत असेल तर पाळी लावावी. दर दोन तासांनीं उतरून चार पावलें चालावें. वारंवार जांभया येणें, पापण्या जड होणें, मैलाचा दगड नजरेंतून सुटणें, गाडी पट्ट्याबाहेर जाणें, ह्यांपैकीं एकही खूण दिसतांच "पुढच्या गांवीं पाहूं" असें म्हणूं नये. पहिल्या पेट्रोल पंपावर अथवा ढाब्यावर गाडी रस्त्यापासून आंत घ्यावी; रस्त्याच्या कडेस उभी करूं नये. तेथें कपभर चहा किंवा कॉफी घेऊन पंधरा-वीस मिनिटें झोंपावें. जाग येते तों पेयाचा गुणही येतो. उठल्यावर दहा मिनिटें फिरून, डोकें साफ झाल्यावरच गाडी सुरू करावी. तरीही पेंग येत असेल, तर त्या रात्रीं तेथेंच मुक्काम करावा.

त्या रात्रीं आम्ही एका ढाब्यावर तांबडें फुटेपर्यंत थांबलों. बाजारास पोंचावयास उशीर झाला आणि दर क्रेटमागें कांहीं रुपये कमी मिळाले. घरीं हिशेब मांडतांना पुतण्या हळहळला. आम्हीं वहींत ती रक्कम नुकसानींत न धरतां प्रवासखर्चांत लिहिली, आणि पुढील प्रत्येक खेपेस तेवढी तरतूद आधींच धरून ठेविली आहे. आपल्या सभासदांनींही तशी धरावी, अशी विनंती आहे.