'पाश्चात्त्येतर' म्हणजे नेमके कोण?

मी राज्यशास्त्र शिकवतो. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या चर्चेत अलीकडे 'पाश्चात्त्येतर दृष्टी' हा शब्द फार ऐकू येतो. पाश्चात्त्य पंडितांनी आपल्याच अनुभवाला जगाचा नियम ठरविले, ही त्यामागची तक्रार खरी आहे. पण ती करणारा स्वतः कुठे उभा आहे, हे कुणी विचारीत नाही. मी विचारतो, कारण मी गावकुसाबाहेरून आलो आहे.

तक्रारीला पुरावा भरपूर आहे. या विषयाचे पहिले अध्यासन १९१९ साली वेल्समधील ॲबरिस्टविथला निघाले; त्याला पुढे वुड्रो विल्सन यांचे नाव दिले गेले. त्याच वर्षी पॅरिस परिषदेत जपानने राष्ट्रांच्या समानतेचे तत्त्व राष्ट्रसंघाच्या करारात घालण्याची सूचना मांडली. १७ पैकी ११ मते बाजूने पडली. अध्यक्षस्थानी हेच विल्सन होते. एकमत नाही, म्हणून सूचना बाद! अमेरिकेतले 'फॉरेन अफेअर्स' घ्या. १९२२ मध्ये त्यात विलीन झालेले नियतकालिक १९१० साली 'जर्नल ऑफ रेस डेव्हलपमेंट' या नावाने जन्मले होते. वंश हा या विद्येचा पायाच होता, आणि तो नंतर मातीखाली दडविला गेला.

हे दिसले कुणाला? डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या काळ्या विद्वानाला. महायुद्धाची मुळे आफ्रिकेच्या लुटीत आहेत, हे त्यांनी १९१५ सालीच लिहिले. ते काळे होते म्हणून त्यांचे म्हणणे खरे ठरत नाही. पण युरोपच्या दिवाणखान्यातून जे दिसत नव्हते ते त्यांच्या जागेवरून दिसत होते. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये याच ड्यू बॉइसना पत्र लिहून, अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. अस्पृश्यांचा प्रश्न जगापुढे न्यावा, हा विचार त्यामागे होता.

आता आपल्याकडची 'भारतीय दृष्टी' पाहा. ती बहुधा कौटिल्यापासून सुरू होते. शेजारचा राजा शत्रू, त्याच्या पलीकडचा मित्र, हे मंडल आमचे विद्वान अभिमानाने फळ्यावर काढतात. त्याच अर्थशास्त्राने चांडाळाची वस्ती स्मशानाच्या कडेला नेमून दिली, ते पान मात्र उलटले जाते. माझ्या पूर्वजांना त्या मंडलात जागा कुठे?

हा वाद केवळ वर्गातला नाही. १९४६ साली दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांवरील अन्याय भारताने संयुक्त राष्ट्रांत मांडला आणि ते योग्यच केले. १९६५ च्या वंशभेदविरोधी करारातील व्याख्येत 'वंशपरंपरा' हा शब्दही भारताच्याच दुरुस्तीने आला. पण २००१ मध्ये डर्बनच्या परिषदेत दलितांनी जातीचा प्रश्न नेला, तेव्हा सरकार म्हणाले, जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा घरचा मामला आहे. त्या शब्दात जातही येते, असे कराराच्या समितीने २००२ मध्ये सांगितले. तरी २००७ साली त्याच समितीपुढे सरकारचे उत्तर बदलले नव्हते.

घरचा मामला, हे उत्तर दक्षिण आफ्रिकेनेही १९४६ मध्ये दिले होते.